हसायला सांगून कोण हसतंय

९ डिसेंबर, मंगळवार

बालवाडीच्या बाईंनी फोटो परत पाठवले. सगळेच. दुपारी डबा घेऊन स्टुडिओत गेले तर क्रांती ते पुढ्यात मांडून बसलेली. ही माझी सून – कामाला वाघीण, तोंडानं मुकी. लेक टेम्पो घेऊन सारखा बाहेरगावी, म्हणून जयसिंगपुरातला आमचा फोटो स्टुडिओ हिनंच धरलाय.

फोटो बघितले. दात विचकलेली पोरं, ठाण्यात धरून आणल्यासारखी. मी म्हणाले, "हे हसणं न्हाय गं. दातांच्या डॉक्टरला दाखवायला बसवल्यात जणू."

शुक्रवारी परत काढायचेत. नीट आले नाहीत तर बाई सांगलीचा फोटोवाला बोलावणार. तसं झालं तर शटर ओढून घरी बसते, क्रांती म्हणाली. भाकरीला हात लावला नाही.

१० डिसेंबर

कसे काढलेस, विचारलं. म्हणे, पोरांच्या आया माझ्या मागं उभ्या राहून ओरडत होत्या – हस की, हस की. तोंडाला पावडर, डोक्याला तेल, आणि वर ही हुकूमशाही. हसायला सांगून कोण हसतंय? माझ्या लग्नात फोटोवाला हसा म्हणाला होता. त्या फोटोत मी अजून भांडायला निघाल्यासारखी दिसते.

"शुक्रवारी मी येते," म्हणाले.

"नको आत्ती."

सुनेचं 'नको' मी कधी ऐकलंय?

१२ डिसेंबर, शुक्रवार

पहिल्यांदा आयांना बालवाडीच्या फाटकाबाहेर काढलं. "चहा पिऊन या जावा. लेकरं पळून जात न्हाईत."

पहिली तहरीम. खुर्चीवर काठी गिळल्यागत बसली. क्रांती झाकण न काढताच कॅमेऱ्यात बघत होती. मला राहवेना, घरातल्यासारखंच तोंडातून गेलं – "क्रांते, त्या कॅमेऱ्याचं झाकण तर काढ. डोळं हायत का बटणं?"

तहरीम खुदकन हसली. मागची पोरंही. मोठ्या माणसाला रागे भरलेलं पोरांना लई आवडतं! मग मी सोडते होय. "ही बाई रोज भात करपवती. चपला उलट्या घालती." क्रांती खाली मान घालून खटाखट फोटो काढत होती. खिजर नावाच्या पोराला तर हसून हसून उचकी लागली.

मग प्रसेनजीत आला. एवढासा जीव, मोठ्या भावाचा शर्ट घातलेला. मी परत सुरू केलं तर त्याचा ओठ थरथरायला लागला.

"आज्जी, फोटोवाल्या बाईंना नका ना बोलू."

पोरं माझ्याकडं बघायला लागली. मी पदरानं त्याचं नाक पुसायला गेले.

तेवढ्यात कॅमेऱ्यामागनं आवाज आला. "बोलू दे रं बाळा. आमची आत्ती रात्री कवळी काढून डब्यात ठेवती. तोंड तेवढं काढून ठेवता येत न्हाय."

प्रसेनजीतनं तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि पोट धरून हसला. तिनं बरोबर तेवढा फोटो घेतला.

माझी कवळी आहे हे घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं.

१३ डिसेंबर

आज डबा तिचा तिलाच न्यायला लावला. पण तिचं ते कवळीचं बोलणं आठवून भांडी घासताना मलाच हसू आलं. जमवून बोलली हो बया.

१६ डिसेंबर

बाईंना फोटो पसंत पडले. प्रसेनजीतचा मोठा करून दारातल्या फळ्यावर लावलाय. पुढच्या वर्षीही तुम्हीच या म्हणाल्या. क्रांतीनं भाकरी थापत थापत सांगितलं.

"माझ्यामुळं," मी म्हणाले.

"निम्मं," ती म्हणाली.

निम्मं म्हणे! पण आज दोन भाकऱ्या खाल्ल्या तिनं.

२१ डिसेंबर, रविवार

जेवताना म्हणाले, आमटी पाणचट झालीय. एरवी ती खाली मान घालून आत जाते. आज जागची हलली नाही. "मग उद्या तुम्हीच करा की आत्ती. मला सकाळीच फोटो काढायला शिरोळला जायचंय."

समोर पोरं नव्हती, की कॅमेरा नव्हता, तरी बोलली.

उद्याच्या आमटीला मी अख्खा मसूर भिजत घातलाय.