दुसऱ्या बाजूचं संथ गाणं

प्रिय अहो,

तुम्ही गेल्यावर चार महिने मी गप्प होते. आज मात्र लिहायलाच बसले, कारण सकाळी नारायण पेठेतून तुमचे जिवलग मित्र नंदूभावजी आले आणि चपला काढता काढताच म्हणाले, "वहिनी, ती रेकॉर्ड मी नेतो. तुम्हाला तिचा काय उपयोग?"

तुम्हीच बोलताय असं वाटलं मला!

तीस वर्षं दर रविवारी तुम्ही दोघं वारज्याच्या या खोलीत दार लावून तो परदेशी रॉकचा अल्बम ऐकलात. मी चहा घेऊन आले की आवाज कमी व्हायचा. एकदा विचारलं, "काय म्हणतोय हो तो?" दोघंही हसलात. "तुला नाही कळायचं." साठ साठ मुलांना बीजगणित शिकवणारी बाई मी! मला नाही कळायचं?

खरं सांगू? तुमचे दिवस झाल्यावर मी ती रेकॉर्ड काढली ती सूड म्हणून. म्हटलं, वाजवून वाजवून झिजवते. लसणाच्या हातांनी लावली. तुम्ही ती कडेला दोन बोटांनी धरायचात, आठवतं?

तीन दिवस नुसता गोंगाट. चौथ्या दिवशी लक्षात आलं, तो एक ओळ म्हणतो आणि गिटार त्याला उत्तर देते. माणसं ऐकत नाहीत त्याचं, म्हणून गिटार ऐकते! मग लेकीने फोनवर सांगितलं, की या बँडच्या पोरांनी ही चाल अमेरिकेत शेतात राबणाऱ्या काळ्या मजुरांच्या गाण्यांतून उचलली. पन्नासेक वर्षं झाली म्हणे अल्बमला. जुना कसा होईल? असलं दुःख जुनं होतं का कधी?

आणि दुसऱ्या बाजूचं ते लांब, संथ गाणं! तिथे आलं की तुम्ही सुई उचलून पुढे ठेवायचात. स्वयंपाकघरात मला कळायचं. अहो, सगळ्यात सुंदर तेच आहे! कळलं नाही तुम्हाला, की सोसलं नाही?

तर आज भावजींना बसवलं. चहा विचारला नाही. पहिल्यापासून सगळं वाजवलं, दार सताड उघडं ठेवून. ते गाणं सुरू झालं तसे ते दचकले. "हे यात होतं?"

"तीस वर्षं आहे."

थोड्या वेळाने खाली बघत त्यांनी विचारलं, "काय म्हणतोय तो?"

मला हसता आलं असतं. नाही हसले. ओळ न् ओळ मराठीत सांगितली. चष्मा पुसत ऐकत होते. किती वेळ लागला माहितीये? चार मिनिटं! तुम्हाला तीस वर्षांत तेवढी मिळाली नाहीत.

रेकॉर्ड दिली नाही. म्हटलं, ऐकायची असेल तर रविवारी या, आधी फोन करून. जिना उतरताना त्यांची मान खाली होती. मला फार बरं वाटलं. लाज वगैरे काही वाटली नाही.

आता माझा शब्द घ्या. माझ्या हयातीत ही रेकॉर्ड या घराबाहेर जाणार नाही. आणि आपली गाठ पडेल तेव्हा हा अल्बम मी तुम्हाला शिकवणार आहे. समोर बसायचं. मध्येच उठायचं नाही.

सुलभा