जनूने राखेबद्दल विचारलं

राखेचा बुधवार, संध्याकाळ

चर्चमधून थेट जनूकडे गेलो, कपाळावरची राख तशीच. शाळेपासूनचा दोस्त. सुमनवहिनी, त्याची बायको, जाऊन आठवडा झाला. इतकी वर्षं मी येशूचं नाव काढलं की हा म्हणायचा, "पास्कू, केळी विक, देव नको विकू!" आणि दोघं हसायचो. आज मात्र पुनरुत्थानाबद्दल बोलायचंच, असं ठरवून गेलो होतो. पण केळीच्या धंद्यात गिऱ्हाइकाचा आवाज ओळखून कान तयार झालेत. "पानी घे" म्हणाला, तेव्हाच आवाजावरून कळलं, आज नाही.

मग त्यानेच विचारलं, "कपाळाला काय रे?"

"राख. उपवासकाळ सुरू झाला. माणूस माती आहे, हे ध्यानात राहावं म्हणून लावतात."

तो त्या राखेकडे बघत राहिला. "तिची परवा खाडीत सोडली."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याने आपणहून विचारलं, आणि तयार केलेलं सगळं माझ्या ओठांपर्यंत येऊन तिथेच राहिलं. ही सबुरी म्हणायची, की मीच आतून बधिर झालोय? बोललो नाही याचं वाईटसुद्धा वाटत नाहीये.

निघालो तेव्हा म्हणाला, "उद्या पन ये. बोलू नको काय, नुसता बस."

जाईन.