शपथविधीनंतर ताईला

ताई,

आज राज्यपालपदाची शपथ घेतली. निवेदकाने माझी कारकीर्द माइकवरून वाचून दाखवली, तेव्हा तू पहिल्या रांगेत डोळे विस्फारून बसली होतीस. गुप्तचर खात्याचा प्रमुख! तुला मी आयुष्यभर हवामान खातं सांगत आलो. तू फोनवर विचारायचीस, "कपडे वाळत घालू का रे?" आणि मी खिडकीबाहेर बघून काहीतरी ठोकून द्यायचो.

चहाच्या वेळी तू मला कोपऱ्यात ओढलंस. "आता सगळं उघड झालंय ना? मग सांग, आई गेली तेव्हा कुठे होतास?"

"ताई, ते अजूनही सांगता येत नाही गं."

तू माझी कॉलर नीट केलीस आणि निघालीस. गाडी देऊ केली, तर म्हणालीस, "बस मिळेल मला."

एवढ्या मोठ्या बंगल्यात आता पहारेकरी सोडले तर कोणी नाही. पत्र टपालात टाकायचं तर आधी सचिव वाचणार, म्हणून हे खिशातच राहील. कुठे होतो ते गुप्तच आहे, ताई. पण आईची बातमी कळल्यावर न्हाणीघरात नळ सोडून मी ढसाढसा रडलो होतो. ते लपवायला मला कुणीच सांगितलं नव्हतं.

तुझा धाकटा