डोळे खराब होते, असं मी म्हणालो

प्रिय अक्का,

मराठीत लिहितोय, चुका दिसल्या तर हसू नकोस. आपल्या घरात बोलताना अर्धं तमिळच असतं, पण बाराखडी तू गिरवून घेतलीस, म्हणून तुला तरी मराठीतच लिहावं. आणि आजच लिहावं, कारण मी काय करून बसलोय ते मला आज कळलं.

मीनूला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं होतं. तुझी लाडकी भाची आता दहावीत आहे, आणि चष्म्याचा नंबर सारखा बदलतोय. डॉक्टरबाईंनी तोच शब्द उच्चारला, केराटोकोनस. तुझाच आजार! कॉर्निया, म्हणजे डोळ्याची पुढची काच, पातळ होऊन पुढे टोकदार होत जातो, पण आपण वेळेत आलोय, थांबवता येईल, असं म्हणाल्या. तुला कोणी वेळेत नेलं होतं गं? तू डोळे चोळायचीस आणि अम्मा नुसती ओरडायची, "हात काढ, पोदुम, पुरे!"

तुझी ती हार्ड लेन्स आठवते? रोज सकाळी टॉवेल पसरून घालायचीस, तरी पडायचीच. मग तुझा हुकूम, "कोणी हलू नका!" आणि अप्पा एक पाय हवेत धरून दाराची चौकट पकडून उभे. किती हसायचो आपण! शाळेत पोरींना गणित शिकवणारी तू, फरशीवर ओणवी होऊन हाताने चाचपत असायचीस. तेव्हा हसू कसं आलं आम्हाला?

आणि एकदा तू म्हणालीस, "तंबी, लेन्स घालूनही हल्ली अंधुकच दिसतं रे. पुढची काच वाकडी आहे हे ठाऊक आहे, पण मागेही काही बिघडलं असेल का?" मी सिरुसेरीच्या ऑफिसातून दमून आलो होतो. म्हणालो, "अक्का, तू टीचरच राहा, डॉक्टर होऊ नकोस." तू वह्या तपासायला लागलीस. मला रागावली का नाहीस? एरवी तर सोडायची नाहीस!

आज मीनूच्या रेटिनाचाही, डोळ्याच्या मागच्या पडद्याचाही, फोटो काढला. मी विचारलं, "आजार पुढे आहे, मग मागचं कशाला?" डॉक्टरबाई म्हणाल्या, काही रुग्णांच्या रेटिनाच्या जाडीतही बारीक फरक दिसतात. तो आजाराचाच भाग आहे, की वाकड्या कॉर्नियातून फोटो नीट येत नाही म्हणून तसं दिसतं, हे अजून पक्कं सांगता येत नाही. "असे डोळे दान मिळाले तर आतून तपासता येतील. पण मिळत नाहीत, सर. डोळे खराब होते, असं घरचेच सांगतात."

तेच वाक्य मी एकदा बोललो होतो.

तू गेलीस त्या सकाळी शेजारच्या मामींनी नेत्रपेढीला फोन लावून माझ्या हातात दिला होता. पलीकडची मुलगी फार हळू बोलत होती. मी म्हणालो, "तिचे डोळे खराब होते, काही उपयोग नाही." ती म्हणाली, "पण सर..." आणि मी फोन ठेवला. अक्का, तिचं एक वाक्य ऐकून घेतलं असतं तर!

घरी येऊन तुझं कपाट उघडलं. तुझ्या नेत्रदानाच्या फॉर्मची प्रत दहावीच्या मार्कशीटखाली होती. त्यावर 'संशोधनासाठी' या चौकटीत तू बरोबरची खूण केली आहेस. रेघेबाहेर गेलेली, मोठी खूण, वहीत गणित बरोबर आलं की करायचीस तशी. तुला माहीत होतं. तुझे डोळे कुणाला बसणार नाहीत हेही, आणि तरी ते कुणाच्या उपयोगाचे आहेत हेही. तुझ्या प्रश्नाचं उत्तर शोधायला तू स्वतःचे डोळे ठेवून गेलीस आणि मी ते जाळले. मला क्षमा कशी मागायची तेही सुचत नाही गं.

मीनूला डोळे चोळू देणार नाही. तिला अंधुक दिसलं, कधीही, कितीही दमलेलो असलो, तरी आधी ऐकून घेईन. माझाही फॉर्म आज भरलाय. ती खूण आणि नेत्रपेढीचा नंबर मीनूला दाखवला, आणि सांगितलं, "मी गेलो की फोन तू कर. पलीकडचं माणूस 'पण' म्हणालं, तर फोन ठेवू नकोस."

तुझाच धाकटा भाऊ,
तंबी