शेजारची सीट

प्रिय मधू,

भैरवी परवा दुकानात येऊन गेली. तुझ्या वाट्याच्या चार एकरांना गिऱ्हाईक लागलंय, विहीर सामाईक असल्यामुळे कागदावर माझीही सही लागेल, एवढं तिनं चहा यायच्या आत सांगून टाकलं. चहा आल्यावर म्हणाली, ‘काका, बाबा विकतोच म्हणून बसले, कोणाचं ऐकूनच नाही राहिले. तुम्ही बोलून पाहा ना.’ मी म्हटलं, बोलत नाही, लिहितो. फोनवर तू मला पाऊस विचारतोस, मी तुला गुडघा विचारतो, आणि तू ‘बरं, ठेवतो’ म्हणतोस. नऊ वर्षांत आपला फोन याच्या पुढे गेलेला नाही. सहीचं शेवटी बघू. त्याआधी तुझ्याकडे एक काम आहे. मी वावरासाठी गाडी घेतोय, आणि सोबत तीन गाड्यांची माहितीपुस्तकं पाठवली आहेत. ती वाच. ‘कागद तुझा, आवाज माझा’ हा आपला नियम मी अजून मोडलेला नाही. विहिरीवरची पहिली मोटर घेतली, तेव्हा तू गॅरंटीच्या कागदावरचं मुंगीएवढं अक्षर वाचून इतवारीतल्या दुकानदाराला घाम फोडला होतास आणि मी डोळे मिटून नुसती मोटर ऐकत उभा होतो. तो तुला म्हणाला होता, ‘साहेब, तुमचे मित्र झोपले का?’

गाडी म्हणजे कार नव्हे आणि ट्रॅक्टरही नव्हे. चार जाड चाकं, वर लोखंडी पिंजरा, पुढे दोघांनी शेजारी-शेजारी बसायचं, मागे पोती टाकायला डाला. विकणारा गौरांग नावाचा तिशीतला माणूस आहे, उन्हातही टाय सोडत नाही. तो तिला ‘साइड-बाय-साइड’ म्हणतो. नत्थूभाऊ सत्तरीला आला तरी आपल्या वावराची सालदारकी सोडायला तयार नाही. त्याला फोटो दाखवला तर म्हणाला, ‘हे तं दमणीच हाय भाऊ, बैल फक्त पोटात घातले.’ मला हे नाव पटलं. घरी आता दमणीच म्हणतात. इंदूनं मात्र नेमक्या जागी बोट ठेवलं. म्हणाली, ‘तुमच्या बाजूले बसन कोण? नत्थूभाऊ तं पायीच चालते, अन् मले काही वावरात मिरवाची हौस नाही.’ मी म्हटलं, बघू. ती म्हणाली, ‘पाहा बाप्पा.’ तिच्या ‘पाहा बाप्पा’चा अर्थ तुला माहीत आहे. तिला कळलेलं असतं.

गाडी लागते ती पांदणीसाठी. डांबरी रस्ता सोडला की वावरापर्यंतची ती दीड किलोमीटरची वाट तू वावरात यायचं थांबलास तेव्हापासून तशीच आहे. मधे सरकारी मुरूम आला, नाल्यापर्यंत पडला आणि तिथे थकला. आपल्या काळ्या मातीचं तुला काय सांगायचं! ओली असताना चाकाला धरते आणि वाळली की चाक तोडते. माझी जीप दोनदा रुतली. मोटरसायकल चालवायची तर दोन्ही पाय जमिनीला लावून, म्हणजे चालत गेल्यासारखंच. मिरची तशी हलकी, पण पोतं फुगतं केवढं! बाया डोक्यावरून रस्त्यापर्यंत आणतात. आणि ट्रॅक्टर भाड्यानं येतो, त्याला सवड होईल तेव्हा. आपला तर मी त्याच वर्षीच्या दिवाळीत विकला, हे तुला ठाऊक आहे. काहून विकला, हे तू कधी विचारलं नाहीस.

आता गाड्या. पहिली डिझेलची. ताकदीला उत्तम, नाल्याच्या चढावर पोत्यांसकट चढेल, आणि उघडून पाहिली तर आत ओळखीचे पार्ट. काही बिघडलं तर सक्करदऱ्याच्या माझ्याच दुकानातून जाईल. दुसरी पेट्रोलची, परदेशातून आलेली, चकचकीत. तिचं स्टिअरिंग डाव्या हाताला, म्हणजे शेजारचा माणूस उजवीकडे बसणार. शिवाय दोन सीटांच्या मधे गिअरचं खोकं. चाकं फिरवणारा तिचा पट्टा चिखलात घसरतो का, ते तिच्या पुस्तकात कुठेतरी आडून लिहिलेलं असेल, तेवढं शोध. तिसरी बॅटरीची. नत्थूभाऊला ती पटत नाही. ‘आवाज नाही करत तं डुकराईले कसं समजन का मालक आला?’ हा त्याचा मुद्दा. पण विहिरीवर सोलर बसवलंय, चार्जिंगची सोय होऊ शकते. एका चार्जिंगमध्ये ओल्या मातीत किती चालेल, हा खरा प्रश्न. पुस्तकात लिहिलेला आकडा कोरड्या रस्त्याचा असणार, पैज लाव. तिन्हींना रस्त्याचं पासिंग नाही. डांबरीवर आणायची नाही, वावरात न्यायची तीही ट्रॉलीत घालून. म्हणजे गाडी घेतली तरी तिनं मला तुला घ्यायला तुझ्या दारापर्यंत येता यायचं नाही. हे लक्षात ठेव, पुढे उपयोगी आहे.

शोरूमला जाताना मी दुकानातून हातभर फळी आणि सायकलच्या ट्यूबचा तुकडा नेला होता. फळी डाव्या पायाला मागून बांधली, गुडघा वाकणार नाही अशी, आणि एकेका गाडीत शेजारच्या सीटवर चढून-उतरून पाहिलं. गौरांगला वाटलं, आलं एक वेडं गिऱ्हाईक. पण माणूस भला, हात द्यायला धावला. मी म्हटलं, हात देऊ नको, हात न देता जमतं का तेच पाहायचं आहे. पेट्रोलच्या गाडीत पाय त्या खोक्यावर आदळला, ती तिथेच बाद. डिझेलची पायरी चार बोटं उंच पडते, पण खालून एक पट्टी वेल्ड केली की काम होईल. बॅटरीच्या गाडीला सपाट तळ आणि रुंद दार. पाठ टेकवून आधी बसायचं आणि मग पाय आत ओढून घ्यायचा. सातव्या वेळी मला सहज जमलं. फळी कशासाठी, ते तुला सांगायची गरज नाही.

मधू, आपली ओळख झाली तीही आवाजावरूनच. मी तेव्हा दुसऱ्याच्या गॅरेजात स्पॅनर पुसत होतो, आणि तू नागपूरच्या महाल भागातून ऑफिसला जाताना स्कूटर ढकलत आलास. तू काही सांगायच्या आत मी म्हटलं, क्लचची तार नाही, प्लेटा गेल्या, काल सायंकाळपासून ओरडून राहिली असन. तू म्हणालास, ‘तुला कसं कळलं?’ मी म्हटलं, काल तू इथूनच गेला होता गा. तुझ्या घरात ‘रे’च्या जागी ‘गा’ कोणी म्हणत नसे. वाड्यातली शुद्ध भाषा तुमची. तो शब्द तू माझ्याकडून उचललास, आणि तोही फक्त वावरातच वापरायचास, चप्पल बाहेर काढून ठेवावी तसा घरी जाताना धुऱ्यावर, आपल्या दोघांच्या बांधावर, ठेवून जायचास. ‘चल गा’, ‘पाहा गा’, ‘थांब गा’. ट्रॅक्टरच्या डाव्या मडगार्डवर बसून पेपर मोठ्यानं वाचायचास आणि मधेच ‘थांब गा’ म्हणायचास. कधी नीलपंख दिसला म्हणून, कधी पेपरचं पान उडालं म्हणून, कधी नुसतंच मला त्रास द्यायला. ट्रॅक्टरला एकच सीट असते. दुसरा माणूस मडगार्डवर, हीच आपल्याकडची रीत. पाहुण्यालाही आपण तिथेच बसवतो आणि वर म्हणतो, नीट पकडून बसा.

त्या दिवसाचं सगळ्यांना माहीत आहे तेवढं असं: पांदणीत नाल्याच्या अलीकडे खड्डा होता, तुझी चप्पल सटकली, तू मडगार्डच्या दांडीला लटकलास, ओरडलास, इंजिनच्या आवाजात मला ऐकू आलं नाही, तू पडलास आणि मागचं चाक गुडघ्यावरून गेलं. दवाखान्यात प्रेमलता वहिनींना हे मी सांगितलं. तू कॉटवर डोळे मिटून होतास. वहिनी म्हणाल्या, ‘यांनी हाक नाही मारली का हो?’ मी म्हटलं, मारली असेल, पण आवाज फार होता. तेव्हा तू डोळे न उघडताच म्हणालास, ‘हो, आवाज फार होता.’ विषय तिथे संपला. भैरवीही आजवर तेच सांगते. गावातही हेच सांगतात. वर नत्थूभाऊ एवढंच जोडतो की, ‘आमच्या मालकाले मुंगीचं पाऊल ऐकू येते, पण त्या दिवशी नशीबच बहिरं होतं.’

तर गौरांगला मी अजून एक काम लावलं. शोरूमच्या मागे चाचणीसाठी कच्चं मैदान आहे. म्हटलं, मी गाडी पूर्ण जोरात पळवतो, तू शेजारी बस आणि मनाला येईल ते हळू आवाजात बोल. मला पाहायचंय, कुठल्या गाडीत शेजारच्याचं ऐकू येतं. माझा हिशेब साधा होता, ज्या गाडीत ऐकू येईल ती घ्यायची. बॅटरीच्या गाडीत तो बिचारा म्हणाला, ‘आज लई ऊन आहे.’ स्वच्छ ऐकू आलं. पेट्रोलच्या गाडीत कंपनीची जाहिरात पुटपुटला, तीही आली. डिझेलची मी मुद्दाम शेवटी ठेवली, मुद्दाम पहिल्या गिअरमध्ये बोंबलत ठेवली, इतकी की मैदानातली कुत्री उठून गेली. त्याला वाटलं, आता काय ऐकू जाणार. तोंड पलीकडे करून म्हणाला, ‘काका घेत काही नाही, टाइमपास करून राहिले.’ मी गाडी थांबवली आणि म्हटलं, घेतो रे, बापू, टाइमपास नाही. त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. तो माफी मागत होता, मी हसलो, त्याला चहा पाजला. पण चहा पिता पिता लक्षात आलं, की परीक्षा गाडीची नव्हतीच. तिन्ही गाड्या पास झाल्या होत्या. मला तिन्हींत ऐकू आलं होतं.

म्हणून हे पत्र. गाडी कोणतीही घे म्हण, मी घेईन, पण त्याआधी हे वाच. त्या दिवशी मला ऐकू आलं होतं. इंजिनात एक टॅपेट टकटक करत होता, मी उजवीकडे वाकून त्यात कान घातला होता, आणि तू म्हणालास, ‘थांब गा.’ अगदी स्वच्छ. मला वाटलं, नीलपंख असेल. मनात म्हटलं, एक मिनिट, एवढा टॅपेट ऐकून घेतो. मग तू म्हणालास, ‘संघपाल!’ त्यात ‘गा’ नव्हता, तेव्हा मला कळलं, ब्रेक मारला. दोन हाकांच्या मधली पावलं मी नंतर जाऊन चाललो आहे, अठरा भरली. आवाज फार नव्हता, मधू. हे तुला पहिल्यापासून माहीत आहे. ज्या कानांनी तुझ्या स्कूटरच्या क्लचप्लेटा ओळखल्या, ते कान तुझ्याइतके कोणाला माहीत? तरी दवाखान्यात तू माझं खोटं स्वतःवर घेतलंस, आणि त्या दिवसापासून मला एकदाही ‘गा’ म्हणाला नाहीस. मी ते रोज ऐकतो. वावर विकायचं असेल तर वीक, सही करून कागद याच पाकिटात ठेवला आहे, माझी कुठलीही अट नाही. पण येत्या रविवारी भैरवी तुला डांबरी रस्त्यापर्यंत आणून सोडेल, तिला मी विचारलं आहे. तिथून पुढची दीड किलोमीटर पांदण माझी. गौरांग बॅटरीची आणि डिझेलची, दोन्ही गाड्या ट्रॉलीत घालून चाचणीला आणणार आहे. ज्या गाडीत तुझा पाय बसेल ती घेऊ, आणि पुस्तकं वाचली नसतील तर तिथेच वाच. विकण्याआधी एकदा धुऱ्यापर्यंत चल. मधे कुठेही, कशासाठीही, अगदी मला त्रास द्यायलासुद्धा थांब म्हण. ‘गा’ लाव की नको लावू. पहिल्या हाकेला थांबेन.

तुझाच,
धुऱ्यापलीकडचा
संघपाल