कुणीच न ओळखलेली चाल

आप्पा, मी काम केलेला सिनेमा तुम्ही पाहिला नाहीत हे एका अर्थी बरंच झालं. मेलेली माणसं उठून चालायला लागतात आणि बघणारे घाबरायचं सोडून हसतात, असा तो सिनेमा आहे. असल्या मेलेल्यांना झॉम्बी म्हणतात. तुम्ही म्हणाला असता, भुताचाच पिक्चर की. पण भुताला अक्कल असते, ह्यांना नसते. ह्यांना नुसती भूक असते आणि जुनी सवय. आमच्या गोष्टीत बंद पडलेल्या साखर कारखान्याची मळी ओढ्यात उतरते, ते पाणी पिऊन निम्मं गाव मरतं आणि दुसऱ्या सकाळी उठतं. परदेशी सिनेमात ती थडग्यातून उठतात; आपल्याकडं माणसाला पुरत नाहीत, जाळतात, म्हणून दिग्दर्शकानं त्यांना तिरडीवरूनच उठवलंय. उठल्यावर ती माणसं खायला धावत नाहीत. आधी घरी जातात, सभासदाचं कार्ड घेतात आणि सवलतीच्या साखरेच्या रांगेत उभी राहतात. तिथं एक मेलेला दुसऱ्या मेलेल्याला 'तुमचा नंबर मागं हाय' म्हणून ढकलतो. या जागेवर लोक खूप हसतात.

दिग्दर्शक पुण्याचा आहे, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. सिनेमाशिवाय त्याच्या डोक्यात काही नाही. त्यानं या सिनेमात जुन्या सिनेमांच्या खुणा लपवून ठेवल्यात. न्हाव्याच्या दुकानातलं घड्याळ कुठल्याशा जुन्या भयपटातल्या वेळेवर थांबलेलं आहे. सरपंचाच्या सुनेची पिवळी साडी, ट्रॅक्टरचा नंबर, दारातून आत येणाऱ्या हाताचा कोन, सगळं कुठून ना कुठून आलेलं आहे. जाणकाराला कळलं पाहिजे, पण न कळणाऱ्याचं अडता कामा नये, असं तो म्हणतो. मला त्याचं ऐकताना तुमचं टीव्ही बघणं आठवायचं. लढाईचा सिनेमा लागला की तुम्ही, स्वतः फौजेत राहिलेले, गोष्ट बघतच नव्हता. 'टोपीचा बिल्ला उजव्या डोळ्यावर घेतलाय, डाव्यावर पायजे. खोटा हाय ह्यो,' असं म्हणून तुम्ही त्या हिरोला तिथंच निकालात काढायचात आणि मग पुढचे दोन तास तो कितीही मर्दुमकी गाजवेना, तुम्ही आपले शेंगा फोडत बसायचात.

माझ्याकडं गर्दीची माणसं जमवून त्यांना चालवायचं काम होतं. शूटिंग इस्लामपूरच्या बाजूला एका जुन्या गोदामात आणि त्याच्या आवारात. उसाचा हंगाम चालू असल्यामुळं शेतातला माणूस मिळेना. शेवटी साताऱ्याकडून दोन गाड्या भरून पेन्शनीतले फौजी आणले. सगळे साठीच्या पुढचे, ताठ, आणि वेळेच्या अर्धा तास आधी हजर. तोंडाला राखाडी रंग लावून घेताना सुद्धा ते रांगेत बसले. मग मी त्यांना सांगितलं की तुम्ही मेलेले आहात, आता या फाटकातून भेलकांडत आत या. पहिली पाच पावलं बरी पडली. सहाव्याला सगळ्यांचे पाय जुळले. साठ-सत्तर प्रेतं एका ठेक्यात डावा-उजवा करत आत आली, एकमेकांत अंतरही बरोबर राखलेलं. दिग्दर्शकानं डोक्याला हात लावला. मी त्यांना परत पाठवलं, पुन्हा आत आणलं, पुन्हा तेच. त्यांच्यातले एक काका हात जोडून म्हणाले, "ताई, आमी काय मुद्दाम करत न्हाई वं. पाय आपोआप जुळत्यात. एवढ्या वर्सांची सवय हाय, ती काय रंग लावून जाती व्हय?"

आठ वेळा झालं. ऊन चढत होतं, चेहऱ्यावरचा रंग घामानं उतरत होता. तेव्हा मी पुढं झाले आणि म्हटलं, असं चाला. एक पाय उचलायचा नाही, घासत आणायचा, बाहेरून अर्धा गोल काढून. त्याच बाजूचा हात कोपरात मोडून छातीशी. मान जराशी कलती. आणि चप्पल सुटते म्हणून घोट्याला पायजम्याच्या नाडीनं बांधलेली. लकवा झाल्यापासून नऊ वर्षं तुम्ही जे चाललात, ते मी त्या आवारात दहा-पंधरा पावलं चालून दाखवलं. फौजी माणूस दाखवलेलं एका नजरेत घेतो. पुढच्या वेळेला साठ-सत्तर आप्पा फाटकातून आत आले. मी फक्त मागच्या रांगेला जरा सावकाश यायला सांगितलं.

दिग्दर्शक पळत आला. "भारी. हे कुठल्या सिनेमातलं?" माझ्या तोंडून निघालं, "एका जुन्या परदेशी सिनेमातलं आहे." त्यानं क्षणभर माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "ओळखलं." त्यानं काय ओळखलं ते देव जाणे, पण माहीत नाही असं म्हणणं त्या जमातीत बसत नाही. जेवणाच्या सुट्टीत ते मघाचे काका ताट घेऊन माझ्याशेजारी येऊन बसले. हळू आवाजात म्हणाले, "ताई, ही लकव्याची चाल हाय. माझा थोरला भाऊ असाच चालायचा. तुमच्यात कुणाला झालता का?" मी म्हणाले, नाही, सिनेमातली आहे. ते म्हणाले, "आसंल," आणि आमटीत भाकरी कुस्करायला लागले. मला खोटं बोलायचं काही कारण नव्हतं. ते बापडे सांत्वन करून उठून गेले असते, एवढंच. तेच मला नको होतं.

खरं म्हणजे तुमच्या चालण्याची मला लाज वाटायची, आणि ते तुम्हाला माहीत होतं. साताऱ्याला कॉलेजात नाव घालायचं होतं, माजी सैनिकाच्या मुलीचा दाखला हवा होता, तेव्हा तुम्ही हट्टानं बरोबर आलात. स्टँडवर उतरल्यावर मी रिक्षा बघायला लागले तर म्हणालात, "चालत जाऊ. ह्या रस्त्यानं मी भरतीला पळत गेलोय." मी चालायला लागले आणि माझं मलाही न कळता पुढं गेले. न कळता असं कशाला म्हणू, कळत होतं. समोरून माझ्याच वयाच्या पोरी येत होत्या. मी दहा पावलं पुढं, तुम्ही मागं. तुमची चप्पल रस्त्यावर घासत यायची, थांबायची, पुन्हा घासायची. मी थांबले की तुम्ही जवळ यायच्या आत पुन्हा निघायचे. शेवटी तुम्ही मागून म्हणालात, "आगं, म्होरं कुठं पळतीस? लोकास्नी वाटंल, मी तुझ्या मागं लागलोय." रागावला नव्हतात. हसत होतात, अर्ध्या तोंडानं. मी वळून बघितलं नाही. मग हॉस्टेल, मग पुणे, आणि सुट्टीला घरी आले तरी तुम्हाला अंगणात फिरवण्याचं काम आईचंच राहिलं. ती तुमच्या काखेत हात घालून चालायची. मी आत अभ्यास करायचे, किंवा अभ्यास आहे असं म्हणायचे.

सिनेमा चालला. मोबाइलवर लोक त्यातल्या लपवलेल्या खुणा शोधून याद्या करायला लागले. घड्याळ सापडलं, साडी सापडली, ट्रॅक्टरचा नंबर तर पहिल्या दिवशीच सापडला. चालीवर मात्र दोन तट पडले. एकजण म्हणाला, ती एका मूकपटातून घेतली आहे. दुसऱ्यानं त्याला अडाणी ठरवलं आणि भलत्याच देशातल्या सिनेमाचं नाव घेतलं. दिग्दर्शक मुलाखतीत गालात हसून म्हणाला, "ते गुपितच राहू दे." मी सगळं वाचत होते. तुमच्या चालण्यावरून परकी माणसं भांडतायत आणि त्यात तुम्ही कुठंच नाही, याचं मला वाईट वाटायला हवं होतं. तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली, आणि वाटायला हवं तेव्हा मला काही वाटत नाही, हे आता माझ्या अंगवळणी पडलंय.

भीती एकीचीच होती. आई. बाकी कुणी ओळखो न ओळखो, ती ओळखणार होती, आणि नवऱ्याचं दुखणं पोरीनं हसण्यावारी नेलं असं म्हणणार होती. सहा आठवडे मी तिला टोलवलं. तिकीट मिळत नाही, तुला आवडणार नाही, पाय दुखतील. गेल्या रविवारी तिनं शेजारच्या काकूंकडून तिकीट काढायला लावलं आणि मला फोन केला, "सांगलीला जातीय. येणार असलीस तर ये." दुपारचा खेळ होता. मी तिच्या शेजारी बसले आणि तिच्याकडंच बघत राहिले. फाटकाचा प्रसंग आला. थिएटर हसायला लागलं. आई पुढं सरकून बसली, पदर हातात धरून, शाळेत पोराचं नाटक बघायला गेलेली बाई बसते तशी. हसली नाही, रडली नाही. प्रसंग संपल्यावर परत मागं टेकली.

बाहेर आलो. विश्रामबागेत रिक्षाची वाट बघत उभे होतो. तीच म्हणाली, "ह्यांची चाल घेतलीस व्हय?"

मी म्हटलं, हो. राग आला का?

"राग कशाला? कुणालातरी आठवण हाय अजून," ती म्हणाली. मग रिक्षाला हात करत, "फक्त पाय चुकला बघ. त्येंचा डावा गेलता. तुझी सगळी उजवा वडत हुती."

मी लगेच म्हणाले, "आई, सिनेमात ते आरशासारखं उलटं दिसतं."

तिला ते पटलं. आता ती येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच सांगते. काकूंना सांगितलं, मामाला फोनवर सांगितलं, की पोरीनं बापाची चाल अगदी बरोबर धरलीय, पडद्यावर तेवढी उलटी दिसती. मी तिच्यासमोर बसून मान हलवते. हा कागद तिच्या हाती लागू नये म्हणून लिहून झाला की फाडणार आहे, तुम्हाला तरी तो कुठल्या पत्त्यावर पाठवू. सिनेमात काही उलटं दिसत नाही, आप्पा. त्या दिवशी मी सगळ्यांच्या पुढं उभी राहिले, आणि तुमचा कुठला पाय होता ते मला आठवलंच नाही.