चौथ्या पाटीवरची पट्टी

२ नोव्हेंबर
मी लिहिलेला चौथ्या पाटीचा मजकूर मंजूर! विहिरीची पाटी. सरांनी संग्रहालयाच्या समितीपुढे वाचून दाखवला, आवाज न बदलता: ‘या विहिरीवर बौद्धवाडीतल्यांना पाणी भरू देत नसत. वाडीतल्या बायका-मुलं समोरच्या दगडावर हंडे ठेवून, कुणी वरून ओतून देईल म्हणून थांबत.’ सगळे चहा पीत राहिले. सर म्हणाले, “खरं आहे. राहू दे.” शाळेत चित्रकला शिकवायचे तेव्हाही एवढंच बोलत.
जुन्या शाळेतल्या संग्रहालयापासून खाली खाडीपर्यंत, सगळ्या पाखाडीवर, पायऱ्यांच्या वाटेवर, पाट्या लागणार. मला मात्र चौथीच दिसते.
घरी सांगितलं. आई हसली. बाबा जेवत होते, जेवत राहिले.

९ नोव्हेंबर
पाटीचा रंग सापडला. ताज्या जांभ्या चिऱ्याचा नको, फार लाल. विहिरीच्या कठड्याचा घेतला, पावसांनी काळवंडलेला. तीन वेळा फोटो, तीन वेळा प्रिंट, आता जुळला.
अक्षर मोठं ठेवलंय. कमलआत्याला चष्म्याशिवाय वाचता आलं पाहिजे. तिच्यापुढे कागद धरला. अक्षरं लावत लावत वाचलं तिनं. “दगड पण लिवलास गो?”
पाटीखाली बारीक अक्षरात ‘मांडणी’ आणि माझं नाव, आडनावासकट. सरांचाच हट्ट. घरात पहिली पदवी माझी, छापलेलं नावही पहिलंच.

२१ नोव्हेंबर
पाट्या लागल्या. रत्नागिरीहून इक्बालभाई स्वतः घेऊन आले. छपाई त्यांची, खिळेही त्यांनीच ठोकले.
संध्याकाळी बाबा एसटी डेपोतून परतताना थांबले. पूर्ण वाचली. माझ्या नावावरची धूळ रुमालानं पुसली. “छान.” एवढंच.

२८ नोव्हेंबर
दोन दिवस चिपळूणला होते. आज आले तर पाटीवर वाक्य नाही.
वर पट्टी चिकटवलीय. रंग इतका जुळलेला की आधी वाटलं, मीच चुकीची पाटी बघतेय. विहीर किती जुनी, चिरा कुठला, पाणी कसं आटत नाही, हे सगळं आहे. मग कोरी जागा. मग माझं नाव.
इक्बालभाईंना फोन. “बेटी, सरांचा फोन होता. त्याच रंगाची पट्टी मारून दे बोलले. रंग तुझ्याच फाईलमधला घेतला.”
माझाच रंग.

२९ नोव्हेंबर
सरांकडे गेले. कोणाच्या दबावाखाली, विचारलं.
“कोणाच्या नाही.”
“खरं आहे, राहू दे, असं तुम्हीच म्हणालात ना?”
“म्हणालो.” चष्मा पुसत राहिले.
मग मी बोलू नये ते बोलले. “तुम्हीही शेवटी वरच्या आळीतलेच.” काकूंनी आणलेलं कोकम सरबत तसंच ठेवून उठले. सर पायरीपर्यंत आले. “रागाव. पण माझ्यावरच रागाव,” म्हणाले.
नाटकं. याच माणसानं माझ्या हातात पहिला ब्रश दिला होता.

४ डिसेंबर
जिल्हा कार्यालयाला सरांविरुद्ध तक्रार लिहिली. पाठवण्याआधी आत्याला वाचून दाखवली. ती खाडीतले मुळे-शिंपले निवडत होती. हात थांबले.
“फाड तो कागद.”
“का?”
“तुझ्या बापसानंच झाकायला सांगितलान. सरांच्या घरी गेलान, हात जोडलान. वर वचन घेतलान, पोरीला कळू देऊ नका म्हणून.”
मी म्हटलं, खोटं.
“माझ्यासमोर गेला तो. मी अडवलं नाय. मीपण होते ना त्या दगडावर.”

५ डिसेंबर
बाबांना विचारलं. त्यांनी नाकारलं नाही. गणवेशाची बटणं लावत होते.
“त्या दगडावर मी हंडा घेऊन उभा राहायचो. कुणी लांबून ओतायचा, अर्धं अंगावर. हसायचे. आता गणपतीपुळ्याला जाणारे गाड्या थांबवून तिथं फोटो काढणार?”
“म्हणूनच लिहायला हवं, बाबा.”
“तुझं नाव हाय त्या पाटीवर. मोठं झालेलं. त्याच पाटीवर माझा भिजलेला शर्ट नको.”
“ते माझं नाही, आपल्या सगळ्यांचं आहे.”
“तू उद्या पुण्याला जाशील. मला रोज त्याच वाटेनं बस पकडायचीय.”
मला शिकवलं कशाला मग? हे मात्र तोंडातून बाहेर आलं नाही. बाबा दाराशी वळले. “रडू नको गो. सर चांगला माणूस हाय.”
म्हणजे ज्याच्यावर चिडायचं तोही उरला नाही.

१३ डिसेंबर
सरांच्या फाटकापर्यंत जाऊन परत. काय सांगणार? माफी मागू, तर बाबांनी घेतलेलं वचन उघडं पडणार. मला कळलंय हे सरांना कळलं, तर…
जाऊ दे.

११ जानेवारी
खारा वारा. पट्टीचा एक कोपरा सुटलाय. खालून ‘हंडे’ दिसतं. बाबा सकाळी जाताना अंगठ्यानं दाबून जातात, दुपारपर्यंत पुन्हा वर. इक्बालभाईंचा गम स्वस्तातला.
आज जेवताना बाबा: “तुझ्याकडे चांगला असेल ना?”
आहे. बघते म्हटलं.

१८ जानेवारी
रविवार. गम पिशवीत टाकला. कटरही टाकला, का ते माहीत नाही. बाबा म्हणाले, मीपण येतो.
विहिरीशी एक बाई पाटी वाचत होत्या. गाडी वर रस्त्यावर, गळ्यात कॅमेरा. कोपरा आता अर्धी ओळ उलगडलेला. आमच्याकडे बघून म्हणाल्या, “तुम्ही इथलेच ना? इथे काय झाकलंय हो?”
मी बाबांकडे बघितलं. बाबा माझ्याकडे.
बाई उत्तराची वाट बघत उभ्या. ऊन लागत होतं म्हणून दोन पावलं मागे सरकल्या, आणि नेमक्या त्या दगडावर चढून उभ्या राहिल्या.
बाबांनी तोंड उघडलं.